अढीतला क्वार्टरबॅक: दणकट पण कच्चा नवखा कसा निवडायचा, कसा पिकवायचा

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून संघाचा डाव चालवतो तो क्वार्टरबॅक. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीआधीच्या चाचण्यांत, २०२३ साली क्वार्टरबॅक अँथनी रिचर्डसनने ४० यार्ड ४.४३ सेकंदांत काढले, जागेवरून ४०.५ इंच उंच उडी मारली आणि लांब उडीत १० फूट ९ इंच गाठले. दोन्ही उड्या क्वार्टरबॅकसाठी विक्रमी. उंची सहा फूट चार इंच, वजन २४४ पौंड, म्हणजे साधारण ११० किलो. फ्लोरिडा विद्यापीठात त्याचे पास पूर्ण होण्याची टक्केवारी होती ५४.७. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, कोल्ट्स संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर उचलला. त्याआधी पाच वर्षं, २०१८ मध्ये, बफेलो बिल्सनी वायोमिंगच्या जॉश ॲलनला सातव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा त्याची टक्केवारी होती ५६.२. ॲलन २०२४ च्या हंगामाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला. रिचर्डसनच्या हातून २०२५ चा हंगाम सुरू होण्याआधीच सुरुवातीची जागा गेली, ती डॅनियल जोन्सला मिळाली. कॉलेजच्या कागदावर दोघांत फरक दीड टक्क्याचा.

दोघांनाही ‘कच्चा’ हेच विशेषण लागलं होतं. पण कच्चेपणातही जून आणि कोवळं असतं. जून कैरी अढीत घातली की पिकते, कोवळी नुसती सुरकुतते. निवडणाऱ्याचं कसब हे जून-कोवळं ओळखण्यात, आणि पिकवणाऱ्याचं कसब दर दोन तासांनी गवत उचकून न बघण्यात.

टक्केवारी बाजूला ठेवा, फेकी मोजा

पास पूर्ण होण्याची टक्केवारी या कामाला जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यात रिसीव्हरच्या हातून निसटलेले चेंडू आहेत, मुद्दाम सीमेबाहेर टाकलेले आहेत, आणि पन्नास यार्डांची फेक व खेळी सुरू होते त्या रेषेमागची छोटी फेक (स्क्रीन) एकाच तागडीत तोलली जाते. त्यापेक्षा चार-पाच पूर्ण सामने घ्या. त्यात दोन तरी तगड्या बचावाविरुद्धचे असावेत आणि एक हरलेला. दीडशे-दोनशे फेकी सहज मिळतात. टीव्हीच्या कोनात सेफ्टी, म्हणजे बचावाचे सगळ्यात मागचे खेळाडू, दिसतच नाहीत, म्हणून सगळे २२ खेळाडू दिसणारं ‘ऑल-२२’ चित्रणच लावा.

प्रत्येक फेकीपुढे पाच रकाने भरायचे. लांबी: रेषेच्या मागे, ० ते ९ यार्ड, १० ते १९, की २० च्या पुढे. पाय रोवलेले होते का. अंगावर कोणी येत होतं का. चेंडू चुकला तर कुठे: उंच, खाली, रिसीव्हरच्या मागे, पुढे. आणि निर्णय: बरोबर, बरोबर पण उशिरा, किंवा चूक.

आता रकाने एकमेकांशी ताडून बघा. पाय विस्कटलेले असताना चेंडू उंच जातोय आणि पाय नीट असताना बरोबर लागतोय, तर दुखणं पायात आहे आणि त्यावर इलाज आहे. पाय रोवलेले, अंगावर कोणी नाही, रिसीव्हर आठ यार्डांवर मोकळा, आणि तरी चेंडू एकदा डोक्यावरून, एकदा गुडघ्यात, एकदा पाठीमागे जातोय? मग सावध व्हा. एकाच बाजूला होणारी चूक दुरुस्त करता येते. विखुरलेल्या चुकांना धरायला टोक नसतं. लांबच्या फेकींनी भुलू नका. साठ यार्डांचा बाण प्रत्येकाच्या चित्रफितीत असतो, पण सामना ० ते ९ यार्डांत चालतो. रिचर्डसनची २०२४ ची टक्केवारी ४७.७ होती, आणि त्यात सोप्या, जवळच्या फेकींचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका होता.

पाचव्या रकान्यात ‘बरोबर पण उशिरा’ जास्त असेल तर तो पोरगा शिकतोय. बघतो आहे, फक्त वेळ लागतोय. ‘चूक’ जास्त असेल तर तो बघतच नाही.

आणखी एक आकडा हाताने काढा: दबाव आलेल्या खेळींपैकी किती सॅकमध्ये संपल्या, म्हणजे फेकायच्या आतच तो पाडला गेला. साधारण पाचातली एक ठीक. चारात एकापेक्षा जास्त झाल्या तर ती सवय आहे, आणि ही सवय कॉलेजातून एनएफएलमध्ये बरोबर येते. कारण सरळ आहे. कॉलेजात हा मैदानावरचा सगळ्यात वेगवान गडी असतो, चेंडू धरून ठेवला तरी निसटतो, वर टाळ्याही पडतात. इथे समोरचा डिफेन्सिव्ह एंड १२० किलोचा असून त्याच्याइतकाच पळतो. शिकागो बेअर्सच्या जस्टिन फील्ड्सने २०२२ मध्ये धावून १,१४३ यार्ड काढले आणि त्याच हंगामात तो ५५ वेळा सॅक झाला. दोन्ही आकडे एकाच सवयीतून आलेले आहेत.

हात किती वेळा फिरलाय ते बघा

ड्राफ्टच्या चर्चेत या आकड्याला मिळायला हवं तेवढं महत्त्व मिळत नाही. कॉलेजात एकूण किती पास फेकले: ट्रे लान्स ३१८. रिचर्डसन ३९३. ॲलन ६४९. लमार जॅक्सन १,०८६. पॅट्रिक माहोम्स १,३४९. ही यादी जवळजवळ यशाच्या क्रमानेच लागली आहे. पाच नावांवरून नियम होत नाही, पण मागचं कारण पटण्यासारखं आहे. हजार फेकी टाकलेल्या पोराच्या चुका ठरलेल्या असतात, त्यांची यादी करता येते. तीनशे फेकींचा पोरगा काय करतो हे त्याचं त्यालाच कळलेलं नसतं.

लान्सचं उदाहरण नीट बघा, कारण तिथे कोणी मूर्खपणा केला नव्हता. २०१९ मध्ये नॉर्थ डकोटा स्टेटकडून २८ टचडाउन (गोलरेषेपलीकडे गुण मिळवून देणारे पास), एकही इंटरसेप्शन (बचावाने झेललेला पास) नाही. २०२० ला महामारीमुळे एकच सामना. फॉर्टी-नाइनर्सनी तिसऱ्या क्रमांकावर यायला तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि वर एक तिसऱ्या फेरीची निवड दिली. मग त्याला बसवलं, पुढच्या वर्षी दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडला. दोन हंगामांत मिळून त्या संघासाठी १०२ पास. म्हणजे सगळ्यात कमी सराव झालेल्या पोराला सगळ्यात कमी सराव मिळाला. तोवर ड्राफ्टमध्ये सगळ्यात शेवटी, २६२ व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी खेळायला लागला होता.

म्हणून पाचशेच्या खाली फेकी असतील तर पहिल्या पाचात घेऊ नका, कितीही उडी मारत असला तरी. पहिल्या फेरीच्या शेवटी किंवा दुसऱ्या फेरीत मिळाला तर हिशेब बदलतो. रेव्हन्सनी २०१८ ला पहिल्या फेरीतली अगदी शेवटची, ३२ वी निवड ईगल्सकडून मिळवून जॅक्सनला घेतलं. त्यात एक व्यवहारी खुबी आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या चार वर्षांच्या करारात पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात असतो, ३३ व्या क्रमांकावर तो नाही. कच्च्या मालाला ते एक जादा वर्ष सोन्याचं.

फळ्यासमोर पाऊण तास

प्रत्येक संघाला ड्राफ्टआधी ३० खेळाडू आपल्या ठिकाणी बोलावता येतात. त्यातला एक दिवस याच्यासाठी ठेवा. प्रो-डेला, म्हणजे कॉलेजात भरवलेल्या प्रदर्शनी सरावाला, फार किंमत देऊ नका: अर्ध्या चड्डीत, ओळखीच्या रिसीव्हरांना, आधी पाठ केलेल्या क्रमाने, अंगावर कोणी येत नसताना टाकलेल्या फेकी आहेत त्या.

सकाळी त्याला तुमच्या प्लेबुकातल्या तीन खेळी शिकवा, १५ मिनिटांत. मग विषय बदला, जेवायला न्या, जिम दाखवा. दोन तासांनी फळ्यासमोर उभं करून म्हणा, आता त्या तिन्ही मला शिकव. काढता किती आल्या यापेक्षा तो चुकल्यावर काय करतो ते टिपा. ‘इथे मला खात्री नाही’ म्हणणारा चालेल. अडल्यावर ठोकून देणारा मैदानावरही तेच करणार. नंतर त्याच्याच इंटरसेप्शनचं चित्रण लावा आणि आवाज न करता बसा. चांगला विद्यार्थी सेफ्टीपासून बोलायला सुरुवात करतो. ज्याचं पहिलं वाक्य रिसीव्हरच्या चुकीचं असतं, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

कॉलेजातून आल्यावर काय काय बदलतं

खेळीआधी चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या दोन हॅश-खुणांतलं अंतर एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच, कॉलेजात ४० फूट. कॉलेजात चेंडू कडेच्या हॅशवर असला की एक बाजू रुंद आणि एक अरुंद होते, आणि बचाव कुठे गर्दी करणार याचा अंदाज फुकटात मिळतो. इथे चेंडू जवळजवळ मध्यावरच असतो, तो अंदाज बंद.

दुसरा बदल आरपीओचा, म्हणजे धावायचं की फेकायचं हे स्नॅपनंतर (चेंडू मागे देऊन खेळी सुरू झाल्यावर) ठरवायची खेळी. कॉलेजात लाइनमन, म्हणजे क्वार्टरबॅकसमोर अडवणूक करणारे, रेषेपुढे तीन यार्डांपर्यंत जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच यार्ड. तीच खेळी तशीच आणली तर क्वार्टरबॅक अजून विचारात असतो आणि गार्ड (एक लाइनमन) पुढे गेल्याबद्दल पंचांचा दंडाचा पिवळा रुमाल पडलेला असतो. आरपीओ ठेवा, पण एका पावलात सुटणाऱ्या फेकींपुरती.

तिसरा बदल तोंडाचा. अनेक कॉलेज संघांत हडल, म्हणजे खेळीआधी घोळका करून हाक सांगणं, नसतोच. सगळे बाजूच्या रेषेकडे बघतात, फलक नाहीतर खाणाखुणा बघून उभे राहतात. इथे दोन खेळींमधलं घड्याळ ४० सेकंदांचं, आणि १५ उरले की हेल्मेटमधला कोचचा आवाज तुटतो. त्याच्या आत ऐकायचं, दहा जणांना सांगायचं, रेषेवर जायचं. नमुन्यादाखल एक हाक घ्या (शब्द संघागणिक बदलतात): ‘गन ट्रिप्स राइट, टू जेट, झेड डिग, वाय क्रॉस, एफ फ्लॅट, कॅन नाइन्टीन वान्डा.’ चेंडू पाच यार्ड मागे उभं राहून घ्यायचा, उजवीकडे तीन रिसीव्हर, मग अडवणुकीची पद्धत, मग झेड, वाय, एफ या तिघांचे मार्ग (डिग म्हणजे पुढे जाऊन आत वळणं, क्रॉस म्हणजे मैदान आडवं कापणं, फ्लॅट म्हणजे जवळच कडेला पळणं). आणि बचाव नको तसा उभा दिसला तर ‘कॅन, कॅन’ ओरडून पास रद्द, त्याऐवजी डावीकडे धाव. हे सात सेकंदांत, दम लागलेला असताना, ऐंशी हजारांच्या गोंगाटात म्हणायचं असतं.

याचा अभ्यास मैदानाबाहेर होतो. रोज रात्री कोचने २० हाका फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवायच्या. पोराने प्रत्येक एकदाच ऐकून मोठ्याने म्हणायची आणि आपलं मुद्रण परत पाठवायचं. मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत अडखळणं निम्म्यावर येतं. हे साधलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. हडलमध्ये चाचरणाऱ्या क्वार्टरबॅकवर अकरातला एकही विश्वास ठेवत नाही.

पाय आधी, हात नंतर

लोक खांद्याकडे बघतात. बिघाड बहुतेक वेळा जमिनीजवळ असतो.

उभं राहताना पायांतलं अंतर खांद्यांपेक्षा किंचित जास्त. ताकदवान हाताच्या पोरांची नेहमीची खोड म्हणजे फेकताना पुढचा पाय फार लांब टाकणं. तसं केलं की वजन मागच्या पायावर अडकतं, धड मागे झुकतं, हात खालून वर येतो आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. चित्रणात ‘उंच’ रकाना भरलेला दिसला की आधी पावलाची लांबी मोजा. दुसरी खोड: पुढचा खांदा लवकर उघडणं. धड आधीच वळलेलं, हात मागे राहिलेला; मग जोर सगळा कोपरातून येतो, नेम जातो आणि कोपर दुखायला लागतं ते वेगळंच. तिसरी: पाच यार्डांवरच्या रनिंग बॅकलाही तोफगोळा. हा स्नायूंचा प्रश्न नाही, वेगवेगळे वेग कोणी मागितलेच नव्हते एवढंच.

दुरुस्ती अशी करा. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला शंभर-सव्वाशे फेकी, जास्त नाही. फोनचा कॅमेरा संथ चित्रणावर ठेवून एकदा बाजूने, एकदा पाठीमागून. पहिल्या ४० फेकी रिसीव्हरशिवाय, फक्त पावलं आणि जाळी. पुढच्या ४० जमिनीवर टाकलेल्या पोत्यांमधून सरकून, थांबून, पाय पुन्हा मांडून. याच वेळी एक कोच लांब दांड्याचा झाडू त्याच्या तोंडासमोर फिरवतो, म्हणजे नजर खाली जाते की नाही कळतं. उरलेल्या तीन उंचीच्या: सरळ रेषेत, २० यार्डांवर हात वर करून उभ्या केलेल्या माणसाच्या वरून, आणि कोपऱ्यात अलगद उतरणारी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाऊल आणि खांदा एकदम दुरुस्त करायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

आणि पावलं नजरेला बांधा, यालाच खरा अर्थ आहे. गनमधून तीन पावलं मागे गेली की पहिला रिसीव्हर बघायचा. तो झाकलेला असेल तर पुढे एक छोटी उडी, त्या उडीबरोबर दुसरा. अजून एक उडी, तिसरा. त्यानंतर फेकून द्या किंवा पळा. पावलं संपली की वेळ संपली, हे पायांना माहीत असलं तर डोकं मोकळं राहतं. एकंदर अडीच ते पावणेतीन सेकंदांत चेंडू हातातून गेला पाहिजे.

हे सगळं हंगामाबाहेर. सप्टेंबरनंतर पायांना हात लावू नका, कारण दबावात शरीर जुन्याच वळणावर जातं आणि नवीन अर्धवट शिकलेलं मध्येच आडवं येतं. इथे एक अडचण कराराची आहे: हंगाम संपल्यापासून एप्रिलपर्यंत संघाचे कोच खेळाडूला शिकवू शकत नाहीत, आणि जूनच्या मध्यापासून जुलैअखेरच्या शिबिरापर्यंत पुन्हा सुट्टी. ती जागा खाजगी प्रशिक्षक भरतो; ॲलनचं हे काम जॉर्डन पामरने केलं. संघाचा कोच आणि खाजगी प्रशिक्षक यांनी जानेवारीतच एका टेबलावर बसून कोणती एक गोष्ट बदलायची आणि तिला कोणत्या शब्दाने हाक मारायची हे ठरवावं. नाहीतर पोराला एकाच पावलाची दोन नावं आणि दोन मतं मिळतात.

डोळे

पहिल्या वर्षी अर्धं मैदान द्या. बूटलेग, म्हणजे धावेचं सोंग करून एका बाजूला बाहेर पळत फेकणं, ही कच्च्या पोरासाठी सर्वांत उपकारक खेळी: तिन्ही रिसीव्हर एकाच बाजूला, एकमेकांच्या वर-खाली, आणि काहीच नसेल तर समोर मोकळं रान. पास-खेळींचे पंचवीस-तीस प्रकार पुष्कळ झाले. तेच वेगवेगळ्या मांडण्यांतून दाखवा, म्हणजे बचावाला शंभर वाटतील. दुसऱ्या वर्षी पूर्ण मैदान. अडवणूक कोणाकडे सरकवायची हे ठरवणं तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे सोपवा. तोवर ते सेंटरकडे, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या मधल्या लाइनमनकडे. म्हणूनच नवख्या क्वार्टरबॅकशेजारी नवखा सेंटर ठेवणं ही फार महागाची बचत आहे.

वरची हाकच घेऊन बघू. तिसरा डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), अजून सात यार्ड काढायचे आहेत. स्नॅपआधी दोन सेफ्टी १३-१४ यार्ड मागे, म्हणजे मधलं मैदान उघडं. डिग मध्ये वळला की मोकळा दिसणार. नवखा इथेच ठरवून टाकतो. स्नॅप होतो, पहिल्या दोन पावलांत डावा सेफ्टी धावत खाली येतो आणि बरोबर डिगच्या वाटेत उभा राहतो. तिसऱ्या पावलाला नवखा त्याच्या छातीवर चेंडू मारतो आणि नंतर म्हणतो, तो दिसलाच नाही. दिसला होता स्नॅपआधी, वेगळ्या जागी. म्हणून शिकवायचं ते ‘एक सेफ्टी की दोन’ हे दोनदा मोजायला: एकदा रेषेवर उभं असताना, एकदा दुसऱ्या पावलाला. एकच उरला असेल तर डिग विसरा आणि क्रॉसकडे वळा. बैठकीत चित्रण दुसऱ्या पावलाला थांबवून फक्त एवढंच विचारा: किती? दिवसाला पन्नास वेळा.

बसवायचं की खेळवायचं

माहोम्स एक वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला, शेवटचा एक सामना खेळला आणि पुढच्या हंगामात ५० टचडाउन फेकले. या एका उदाहरणावरून ‘बसवलं की पिकतो’ अशी समजूत झाली आहे. पण माहोम्सच्या मागे १,३४९ फेकी होत्या. ज्याच्याकडे तीनशेच आहेत त्याला नुसतं बसवणं म्हणजे भाताचं आधण ठेवायचं आणि गॅस लावायचा नाही.

अडचण आठवड्याच्या वेळापत्रकात आहे. बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनच्या खेळी, गुरुवारी तिसरा डाउन, शुक्रवारी गोलरेषेजवळच्या. पहिल्या फळीचे जवळजवळ सगळे स्नॅप सुरुवातीच्या क्वार्टरबॅकला जातात. राखीव पोरगा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो, कार्डावर ज्याच्याभोवती गोल काढलाय त्याला चेंडू देतो. हात फिरतो, डोळे काहीच शिकत नाहीत. त्यामुळे बसवणार असाल तर हे लेखी ठरवा: रोज सरावानंतर राखीव रिसीव्हरांबरोबर आपल्याच प्लेबुकातले १५ स्नॅप, समोर बचाव उभा करून, सरावसामने तिन्ही, बहुतांश वेळ त्याचाच. आणि मुदत एका वर्षाची.

खेळवायचं ठरलं तर त्याच्यासाठी खेळ बदला, त्याला खेळासाठी नव्हे. २६ सप्टेंबर २०२१ ला क्लीव्हलँडमध्ये फील्ड्सने पहिल्यांदा सुरुवात केली: २० पैकी ६ पास पूर्ण, नऊ सॅक, सॅकचे यार्ड वजा जाता पासवर संघाची कमाई एक यार्ड. पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीचं लाइनमनचं कडं) हलवणं, बूटलेग, लवकर सुटणाऱ्या फेकी नावालाच होत्या. याच्या उलट रेव्हन्स. नोव्हेंबर २०१८ मध्ये जो फ्लॅको जखमी झाल्यावर जॅक्सन आला, पहिल्याच सामन्यात २६ वेळा धावला, आणि नियमित हंगामातल्या सातपैकी सहा लढती संघाने जिंकल्या. त्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी हेडन हर्स्ट आणि मार्क अँड्र्यूज असे दोन टाइट एंड घेतले होते. टाइट एंड मधल्या पट्ट्यात, जवळ आणि अंगाने मोठा. नेम थोडा चुकला तरी झेलतो.

थोड्या दिवसांत किती जमतं याचा नमुना ग्रीन बेने २०२४ मध्ये दाखवला. क्वार्टरबॅक मलिक विलिसला ऑगस्टअखेर घेतलं आणि तीन आठवड्यांच्या आत कोल्ट्सविरुद्ध उतरवावं लागलं. संघ ५३ वेळा धावला, विलिसने १४ पास फेकले, १२ पूर्ण झाले, सामना जिंकला.

एकदा उतरवलं की मग दोन वाईट सामन्यांनी काढू नका. काढायचं-घालायचं करत राहिलात तर तो बचाव वाचण्याऐवजी कोचचा चेहरा वाचायला लागतो.

धाव

त्याचे पाय हीच पहिल्या वर्षीची कमाई, आणि तिथेच दुखापतीही. लान्सचा घोटा ठरवून आखलेल्या, मधून जाणाऱ्या धावेत मोडला. रिचर्डसनचा पहिला हंगाम चार सामन्यांत संपला. डोक्याला मार आणि मग खांदा, दोन्ही धावताना. सामन्याला ठरवलेल्या पाच-सात धावा, त्याही बाहेरच्या बाजूने. मधून फक्त एक यार्ड हवा असताना. पहिला डाउन मिळाला की घसरायचं, पाय पुढे करून. हे सांगून होत नाही. शिबिरात ओल्या ताडपत्रीवर रोज दहा वेळा घसरायला लावा. बेसबॉल न खेळलेल्या पोरांना घसरताच येत नाही, ते डोकं पुढे करून पडतात.

आजूबाजूची माणसं

बिल्सनी पहिलं वर्ष खरं तर बिघडवलंच होतं. अनुभवी क्वार्टरबॅक आधीच दुसऱ्या संघाला देऊन टाकलेला, पहिला सामना नेथन पीटरमनने सुरू केला आणि संघ ४७-३ असा हरला. दुसऱ्या आठवड्यात ॲलन मैदानात. टक्केवारी ५२.८. मग २०१९ ला सेंटर मिच मोर्स आणि रिसीव्हर जॉन ब्राउन व कोल बीझ्ली आले: ५८.८. २०२० ला स्टेफॉन डिग्ज: ६९.२. या सगळ्या काळात हाका देणारा ब्रायन डाबोल एकच होता. क्रम लक्षात घ्या. आधी लाइन, मग जवळचा भरवशाचा रिसीव्हर, शेवटी मोठा तारा. डिग्ज आधी आणून लाइन नंतर सुधारली असती तर चेंडू त्याच्यापर्यंत जायच्या आतच सॅक झाला असता.

तिसऱ्या वर्षानंतरचा मे

तिसरा हंगाम संपल्यावर मेच्या सुरुवातीपर्यंत पाचव्या वर्षाचा पर्याय घ्यायचा की नाही ते सांगावं लागतं, आणि घेतला की ती रक्कम पूर्ण हमीची होते. जॉर्डन लव्ह तीन वर्षं ॲरन रॉजर्सच्या मागे बसला होता. २०२३ च्या मेमध्ये ग्रीन बेसमोर त्याची सुरुवात म्हणून नियमित हंगामातला एकच सामना होता. त्यांनी पर्याय न घेता छोटी मुदतवाढ दिली, आणि त्याच हंगामात त्याने ३२ टचडाउन फेकले. सुटले, पण आंधळेपणाने.

त्या महिन्यात ड्राफ्टच्या वेळची पाच रकान्यांची वही बाहेर काढा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सहा सामन्यांतल्या फेकी त्याच पद्धतीने भरा आणि जुन्या पानाशेजारी ठेवा. ‘उंच’ कमी झालंय का ते बघा, पण त्यावर अडू नका. ‘बरोबर पण उशिरा’मधल्या फेकी ‘बरोबर’मध्ये सरकल्या असतील तर पर्याय घ्या. त्या ‘चूक’मध्ये सरकल्या असतील, म्हणजे घाईने आधीच ठरवून फेकायला लागला असेल, तर घेऊ नका. आणि तिन्ही वर्षांचं मिळून वहीत पाचशेही फेकी भरत नसतील, तर पोराबद्दल बोलण्याआधी सरावाचं वेळापत्रक कोणी आखलं होतं ते विचारा.